463 एकरांच्या आकड्यामागचं शेत: अमेरिकेतला छोटा शेतकरी जगतो कशावर?

भारत-अमेरिका व्यापाराच्या वाटाघाटींची बातमी आली की एक आकडा हमखास फिरतो. अमेरिकेत एका शेताचं सरासरी क्षेत्र 463 एकर, आणि महाराष्ट्रात, 2015-16 च्या कृषिगणनेनुसार, 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. मग चर्चेत कुणीतरी विचारतं, हा सामना बरोबरीचा व्हायचा कसा?

दोन्ही आकडे खरे आहेत. पण पहिल्या आकड्यावरून डोळ्यांपुढे जो शेतकरी उभा राहतो, तो अमेरिकेतल्या बहुतेक शेतांवर भेटणार नाही. तिथे दहा एकरांत भाजी लावणारी जोडपी आहेत, पन्नास गाईंवर तग धरून असलेले दूध उत्पादक आहेत, मधमाश्यांच्या पेट्या आणि चार मेंढ्या सांभाळणारे निवृत्त मास्तर आहेत. यातल्या बऱ्याच जणांच्या हाती शेतीतून वर्षाअखेर काहीच उरत नाही. तरी शेती चालू असते. हे गणित बसतं कसं?

हजार डॉलरचा माल विकला की झालं शेत

सुरुवात व्याख्येपासून करू, कारण अर्धा गोंधळ तिथेच आहे. अमेरिकेचं कृषी खातं 'शेत' कशाला म्हणतं? ज्या जागेतून वर्षाला किमान 1,000 डॉलरचा शेतमाल विकला गेला, किंवा एरवी विकला गेला असता, ती जागा. हजार डॉलर म्हणजे आपल्या रुपयांत लाखाच्या आतबाहेर. ही व्याख्या 1970 च्या दशकातली आहे आणि महागाई कितीही वाढली तरी रक्कम तीच राहिली आहे. त्यामुळे परसात घोडे बांधून नोकरीला जाणारं कुटुंबही या मोजणीत 'शेत' ठरू शकतं, आणि नेब्रास्कातला पाच हजार एकर मका पेरणाराही.

2022 च्या कृषिगणनेत अशी सुमारे 19 लाख शेतं निघाली. त्यांतली 74 टक्के शेतं वर्षाला 50,000 डॉलर किंवा त्याहून कमी विक्री करणारी. देशाच्या एकूण शेतमाल विक्रीत या सगळ्यांचा मिळून वाटा 2 टक्के. दुसऱ्या टोकाला दहा लाख डॉलरच्या वर विक्री असलेली शेतं फक्त 6 टक्के, आणि त्यांनी विकला 78 टक्के माल. या दोन टोकांची सरासरी काढली की 463 एकर येतात. आपण टीव्हीवर जो महाकाय शेतकरी बघतो तो त्या 6 टक्क्यांतला.

थोडं अवांतर. न्यू जर्सीत, जिथे मराठी माणसंही कमी नाहीत, 1964 पासून एक कायदा आहे. पाच एकर जमीन शेतीखाली दाखवली आणि त्यातून ठरावीक किमान विक्री केली, की त्या जमिनीवरचा मालमत्ता कर बाजारभावाऐवजी शेतीच्या किमतीवर आकारतात. ही किमान विक्री आधी 500 डॉलर होती, आता पहिल्या पाच एकरांना 1,000 डॉलर आहे. मोठ्या बंगल्यामागे नाताळची झाडं किंवा गवत दिसलं तर त्यामागे निसर्गप्रेम किती आणि कर सल्लागार किती, हे सांगणं कठीण. कागदोपत्री शेतकरी ही काही फक्त आपल्याकडची खासियत नाही.

मग चूल पेटते कशावर?

पगारावर. अमेरिकेतल्या बहुसंख्य शेतकरी कुटुंबांचं मुख्य उत्पन्न शेताबाहेरचं आहे. सगळ्या शेतकरी कुटुंबांना शेतीच्या उत्पन्नानुसार रांगेत उभं केलं, तर मधोमध असलेल्या कुटुंबाचं शेतीचं उत्पन्न गेल्या काही वर्षांत शून्याच्या थोडं खालीच राहिलं आहे. म्हणजे किंचित तोटा. त्याच कुटुंबाचं एकूण उत्पन्न मात्र बरं असतं, कारण नवरा-बायकोपैकी एक जण शाळेत शिकवतं, जिल्हा रुग्णालयात नर्स असतं किंवा ट्रक चालवतं.

नोकरीचं कारण नुसता पगार नाही. अमेरिकेत आरोग्य विमा बहुतेकांना नोकरीतून मिळतो. ट्रॅक्टर, बेलर, सुऱ्या, गुरं असल्या धोक्याच्या कामात राहणाऱ्या कुटुंबाला विम्याशिवाय जगणं परवडत नाही, आणि स्वतःच्या खिशातून विमा घ्यायचा तर हप्ता डोळे पांढरे करतो. म्हणून घरातल्या एकाने 'कव्हर' असलेली नोकरी धरायची आणि दुसऱ्याने शेत, ही खेड्यातली अगदी रूढ वाटणी आहे. शेतीवर प्रेम असूनही ती अर्धवेळ होते ती अशी.

शेतकऱ्यांचं सरासरी वय 58.1 वर्षं. हा आकडा दर गणनेला थोडा चढतोच आहे.

मोठे व्हा, नाहीतर बाहेर पडा

हे नेहमीच असं नव्हतं. 1862 च्या होमस्टेड कायद्याने सरकारने पश्चिमेकडे कुटुंबामागे 160 एकर जमीन वाटली. ती जमीन मुळात तिथल्या आदिवासी समाजांकडून काढून घेतलेली होती, हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. 1935 च्या सुमारास देशात 68 लाख शेतं होती, आणि त्यांतल्या बहुतेकांवर सगळं थोडं थोडं असायचं: गाई, डुकरं, कोंबड्या, मका, फळझाडं, परसबाग.

मग ट्रॅक्टर आला, संकरित मका आला, रासायनिक खत आलं. एक माणूस जास्त जमीन कसू लागला. 1972 मध्ये सोव्हिएत रशियाने प्रचंड धान्यखरेदी केली, भाव कडाडले, आणि निक्सन सरकारचे कृषिमंत्री अर्ल बट्झ यांनी शेतकऱ्यांना कुंपणापासून कुंपणापर्यंत पेरायला सांगितलं. मोठे व्हा, नाहीतर बाहेर पडा, ही त्या काळाची घोषणा त्यांच्या नावावर आहे. शेतकऱ्यांनी कर्ज काढून जमिनी घेतल्या, यंत्रं घेतली. दशक संपता संपता व्याजदर भडकले, 1980 मध्ये रशियाला धान्य विकण्यावर बंदी आली, मालाचे आणि जमिनीचे भाव घसरले. कर्ज तेवढंच राहिलं. जप्त्या, लिलाव आणि आत्महत्याही झाल्या. 22 सप्टेंबर 1985 ला इलिनॉय राज्यातल्या शँपेन गावी विली नेल्सन, नील यंग आणि जॉन मेलनकॅम्प या गायकांनी शेतकऱ्यांसाठी निधी गोळा करायला 'फार्म एड' नावाची मैफल केली. ती अजूनही होते. ज्यांना वाटतं की कर्जबाजारी शेतकरी ही गरीब देशांचीच गोष्ट आहे, त्यांनी आयोवा या शेतीप्रधान राज्याचा त्या दशकातला इतिहास जरूर वाचावा.

या काळात विकत घेणारेही मोठे होत गेले. आज मांसासाठी खास पोसलेल्या गुरांपैकी सुमारे 85 टक्के गुरं चार कंपन्या कापतात. ग्राहकाने खाण्यावर खर्च केलेल्या एका डॉलरातले शेतकऱ्यापर्यंत पोचतात 15-16 सेंट. बाकी प्रक्रिया, पॅकिंग, वाहतूक, दुकान आणि हॉटेलवाल्यांकडे जातात. मोठ्या शेतकऱ्याला हे पंधरा सेंट परवडतात, कारण तो ते लाखो वेळा घेतो. दहा एकरवाल्याने त्याच रांगेत उभं राहून काही उपयोग नाही. माझ्या मते सगळा मुद्दा इथे आहे. किती एकर, याच्याइतकाच 'भाव कोण सांगतं' हा प्रश्न मोठा आहे.

भाव स्वतः सांगायची सोय

वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रेडिएटर दुरुस्तीवाल्याची गोष्ट तिकडचे बागवाले आवडीने सांगतात. 1930 च्या मंदीत त्याने मोठ्या फळांच्या टोमॅटो जातींचा परसात संकर केला, निवडत निवडत एक जात स्थिर केली, आणि तिची रोपं डॉलरला एक अशी विकली. त्या काळात डॉलर म्हणजे चांगलीच रक्कम. लोक लांबून गाडी काढून रोपं न्यायला यायचे. सहा वर्षांत त्याने घरावरचं 6,000 डॉलरचं कर्ज फेडलं म्हणतात. जातीचं नाव पडलं 'मॉर्गेज लिफ्टर', म्हणजे घरकर्ज उतरवणारा, आणि तिचं बी आजही विकत मिळतं.

त्याने केलं ते एवढंच: मधले सगळे वगळले. पण हे वाटतं तितकं सोपं नव्हतं, कारण कायदे मोठ्या बाजारासाठी लिहिलेले होते. कॅलिफोर्नियात शेतकऱ्याला शहरात फळं विकायची तर ठरावीक आकाराची, ठरावीक खोक्यात, लेबल लावून भरावी लागत. दोन टोपल्या पीच घेऊन चौकात उभं राहायची सोय नव्हती. 1977 मध्ये तिथल्या सरकारने नियम बदलला: प्रमाणित शेतकरी बाजारात स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्याला पॅकिंगच्या अटी माफ. त्याआधीच्या वर्षी, 1976 मध्ये, केंद्र सरकारने थेट विक्रीला उत्तेजन देणारा कायदा केला होता आणि न्यूयॉर्क शहरात 'ग्रीनमार्केट' सुरू झालं होतं. आपल्याकडे 2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला आणि शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले, तेव्हा झालेला वाद आठवत असेल, तर हे प्रकरण ओळखीचं वाटेल.

न्यूयॉर्कच्या त्या बाजारात एक नियम कडक आहे. विकणाऱ्याने माल स्वतः पिकवलेला असला पाहिजे. घाऊक बाजारातून खोके आणून शेतकऱ्याचा सदरा घालून बसायचं नाही. तपासनीस शेतावर जाऊन बघतात की जेवढे टोमॅटो विकले तेवढी झाडं तरी आहेत का. सगळेच बाजार इतके कडक नसतात आणि तिथे ग्राहक फसतोही.

देशात असे बाजार 1994 मध्ये पावणेदोन हजार होते, वीस वर्षांत आठ हजारांवर गेले. पुढे वाढ मंदावली. एकाच पंचक्रोशीत शनिवारी चार बाजार भरले तर शेतकऱ्याचा दिवस जातो आणि गिऱ्हाईक वाटलं जातं. पहाटे तीनला गाडी भरायची, पावसाची सर आली की निम्मी पालेभाजी परत न्यायची. शेतकरी बाजाराचे फोटो फार सुंदर येतात, पण संध्याकाळच्या हिशेबात स्वतःची मजुरी धरली तर सगळ्यांचे चेहरे फोटोसारखे राहत नाहीत.

पैसे आधी, भाजी नंतर

याच अडचणीवर दुसरा तोडगा निघाला. त्याला 'समुदायाच्या आधाराची शेती' म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांनी सीएसए. कल्पना आपल्या खानावळीच्या डब्यासारखी आहे: महिन्याचे पैसे आधी भरायचे, आणि आज काय येईल ते मावशी ठरवणार. फरक इतकाच की इथे महिन्याऐवजी अख्खा हंगाम आणि मावशींऐवजी हवामान.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, जमीन अजून गोठलेली असताना, सभासद पाच-सातशे डॉलर भरतात. शेतकऱ्याला बी, खत आणि मजुरीला हाच पैसा कामी येतो, म्हणजे बँकेचं पीककर्ज वाचतं. मग जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला एक खोकं. जूनमध्ये लेट्यूस, मुळे, लसणाचे कोवळे दांडे, नशीब असेल तर स्ट्रॉबेरी. ऑगस्टमध्ये टोमॅटो, मक्याची कणसं, आणि झुकिनी. झुकिनी म्हणजे काकडीसारखा दिसणारा कोवळा भोपळा. तो इतका येतो की 8 ऑगस्टला शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून पळून जायचा गमतीचा 'दिवस'च आहे. सप्टेंबरनंतर लाल भोपळे, बटाटे, आणि 'केल' नावाची कोबीच्या कुळातली पालेभाजी.

गारपीट झाली तर? खोकं हलकं येतं आणि सभासद ते सोसतात. करारच तसा असतो. नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या डोक्यावर न पडता दीडशे घरांत वाटलं जातं. अर्थात दोन वर्षं सलग खोकं हलकं आलं की तिसऱ्या वर्षी निम्मे सभासद गळतात. आणि केल काय करायची हे न कळल्याने गळणारे वेगळेच.

अमेरिकेत या नावाने शेती सुरू झाली 1986 मध्ये: मॅसॅच्युसेट्समधल्या साउथ एग्रेमाँट इथल्या इंडियन लाइन फार्मवर आणि न्यू हॅम्पशायरमधल्या टेंपल-विल्टन इथे. कल्पना युरोपातून आली असं नेहमी सांगतात. पण त्याआधीच अलाबामातल्या टस्कीगी इथले उद्यानविद्येचे प्राध्यापक बुकर टी. व्हॉटली छोट्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना हेच सांगत होते. पंचवीस एकरांत एक पीक नको, अनेक घ्या. शहराजवळच्या कुटुंबांचा सभासद-मंडळ करा, वर्गणी आधी घ्या, आणि तोडणी त्यांनाच करू द्या. टस्कीगी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचंच टस्कीगी. कार्व्हर मराठी घराघरांत माहीत आहेत. 1906 मध्ये त्यांनी घोडागाडीवर फिरती शेतीशाळा काढली होती. व्हॉटली त्याच वाटेने पुढे गेलेले. त्यांचं नाव मात्र कितीतरी काळ या कथेत कुणी घेतलं नाही.

घरचा जॅम विकायलाही कायदा

छोट्या शेतावर ताजा माल विकून भागत नाही. उरलेल्या स्ट्रॉबेरीचा जॅम, सफरचंदाचा मुरंबा, पाव, बिस्किटं केली तर चार पैसे जास्त सुटतात. पण घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकायचा तर परवानाधारक व्यावसायिक स्वयंपाकघर हवं, असा नियम. ते उभारायचा खर्च जॅम विकून कधी निघायचा?

म्हणून राज्याराज्यांत 'कॉटेज फूड' कायदे आले. त्यांचा गाभा असा: जे पदार्थ फ्रिजबाहेर सहज नासत नाहीत, ते घरी करून विका, लेबलवर घरी केल्याचं लिहा. साखर आणि आंबटपणा असलेला जॅम चालतो. घरी बरणीबंद केलेल्या शेंगा चालत नाहीत. यामागे खरं कारण आहे. ज्या पदार्थाला आंबटपणा कमी असतो आणि बरणीत हवा नसते, तिथे बॉट्युलिझमचा जिवाणू वाढतो. त्याचं विष जीवघेणं असतं आणि चवीवरून कळतही नाही.

न्यू जर्सी हे घरगुती विक्रीला परवानगी न देणारं शेवटचं राज्य होतं. बिस्किटं आणि केक करणाऱ्या बायकांनी वर्षानुवर्षं भांडून, कोर्टात जाऊन ऑक्टोबर 2021 मध्ये नियम बदलून घेतला. वर्षाला 50,000 डॉलरपर्यंत विक्रीची मुभा मिळाली. याचा फायदा नुसत्या जॅमवाल्यांना झाला नाही. दिवाळीत घरून फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनाही आता कोणता पदार्थ यादीत बसतो हे विचारायला एक खिडकी आहे. वायोमिंगने 2015 मध्ये याहून पुढची उडी मारली आणि घरच्या बहुतेक पदार्थांना थेट ग्राहकाला विकताना तपासणीतून मोकळीक दिली.

मांसाचं गणित अजून अवघड. विकायचं मांस सरकारी तपासनीसासमोर कापलेलं असावं लागतं, आणि असे लहान कत्तलखाने कमी उरले आहेत. तारीख मिळायला महिनोन्महिने थांबावं लागतं. त्यावर खेड्यातला जुना उपाय: गाय जिवंत असतानाच तिचा अर्धा किंवा पाव हिस्सा विकायचा. मग कायद्याने ती गिऱ्हाइकाची गाय, आणि स्वतःच्या जनावराचं मांस स्वतःच्या घरी खायला ती तपासणी लागत नाही. म्हणून कुणाच्या तळघरात भलामोठा फ्रीझर दिसला तर समजायचं, अर्धी गाय आहे.

जत्रेतलं डुक्कर

या सगळ्याला धरून ठेवणारी एक गोष्ट बाजाराच्या हिशेबात दिसत नाही. ती म्हणजे काउंटी फेअर. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा किंवा मोठा तालुका, आणि फेअर म्हणजे उन्हाळ्याच्या अखेरीची जत्रा. पाळणे आहेत, तळलेलं खाणं आहे, ट्रॅक्टरची ओढाओढ आहे. पण मूळ काम प्रदर्शन आणि स्पर्धेचं: कुणाचा भोपळा सर्वांत मोठा, कुणाचं लोणचं, कुणाची गोधडी. निकालाच्या निळ्या रिबिनीवरून शेजारणींत वर्षभर अबोला राहू शकतो.

सगळ्यात बघण्यासारखा असतो मुलांचा लिलाव. 4-एच नावाची मुलांची चळवळ आहे, 1902 मध्ये ओहायोत सुरू झालेली. सुरुवातीच्या मका-मंडळांमागे एक हुशार डाव होता. बाप नवं बियाणं लावायला तयार नसायचा, मग पोराला एक तुकडा देऊन त्यात ते लावायला सांगायचं. पोराचं कणीस मोठं आलं की बाप पुढच्या वर्षी मुकाट्याने तेच पेरायचा. कृषी महाविद्यालयाचं ज्ञान गावात नेणारी ही यंत्रणा 1914 च्या कायद्याने सरकारी झाली. भारतातली कृषी विद्यापीठंही अमेरिकेच्या याच नमुन्यावर उभी राहिली. 1960 मध्ये पंतनगरला पहिलं झालं तेव्हा इलिनॉय विद्यापीठ सोबत होतं.

तर लिलाव. बारा वर्षांची मुलगी वसंतात डुकराचं पिल्लू घेते, खाद्याचा प्रत्येक डॉलर वहीत लिहिते, रोज त्याला फिरवते. जत्रेत पांढरा शर्ट घालून, हातात छडी घेऊन त्याला रिंगणात आणते. लिलाववाला अखंड एका सुरात आकडे फेकत असतो. गावची बँक, ट्रॅक्टरचा विक्रेता, खाद्यवाला, दंतवैद्य बोली लावतात आणि भाव बाजारापेक्षा बराच वर नेतात, कारण ते डुक्कर विकत घेत नसतात, मुलीच्या कॉलेजात भर घालत असतात. लिलाव संपतो. संध्याकाळी ट्रक येतो. गोठ्यामागे मुलं रडत असतात, आणि मोठी माणसं त्यांना रडू देतात. खाण्यासाठी जनावर वाढवणं म्हणजे काय, हे तिथे असं शिकवतात. शाकाहारी वाचकाला हे क्रूर वाटेल. मला ते पॅकबंद मांस विकत घेण्यापेक्षा प्रामाणिक वाटतं.

पण सरकार तर खोऱ्याने अनुदान देतं ना?

देतं. कुणाला, ते बघा. अमेरिकेची भाव-आधार देणारी अनुदानं प्रामुख्याने मका, सोयाबीन, गहू, कापूस, तांदूळ, भुईमूग अशा पिकांना आहेत. फळं आणि भाज्या, म्हणजे आपण ज्याला रोजचं जेवण म्हणतो, त्यांना कृषी खातं 'विशेष पिकं' म्हणतं आणि ती या भाव-आधारात बसत नाहीत. आणि अनुदान एकर व उत्पादनाच्या प्रमाणात जातं, त्यामुळे मोठ्याला मोठं. 2018-19 मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटलं तेव्हा सरकारने सुमारे 23 अब्ज डॉलरची भरपाई वाटली. त्यात सोयाबीनवाल्यांचा वाटा सिंहाचा होता.

भारताशी बोलणी होतात ती मोठ्या शेतांवरच्या मालावरून: सोयाबीन, मका, कापूस, सफरचंद, बदाम, दुग्धजन्य पदार्थ. सीएसएच्या खोक्यातली केल अकोल्याला येणार नाही. त्यामुळे 'अमेरिकन शेतकऱ्याला आपली बाजारपेठ हवी आहे' असं वाक्य ऐकलं की कोणता शेतकरी, असं विचारायला हरकत नाही. छोट्या दूध उत्पादकाला तर त्याच्याच देशात जागा उरली नाही. 2003 मध्ये परवानाधारक डेअऱ्या 70,000 च्या घरात होत्या, वीस वर्षांनी त्या 30,000 हूनही कमी उरल्या. दूध मात्र वाढलंच.

हे श्रीमंतांचे चोचले नाहीत का?

काही अंशी आहेत. शहरातल्या शेतकरी बाजारात टोमॅटोचा भाव ऐकून भुवया उंचावतात, आणि सीएसएचे पैसे आधी भरायला हातात पैसा लागतो. पण चित्र एवढ्यावर संपत नाही. गरीब कुटुंबांना सरकार किराण्यासाठी कार्डावर दरमहा पैसे देतं, त्या योजनेला स्नॅप म्हणतात. अनेक बाजारांत प्रवेशाशी एक टेबल असतं, तिथे कार्ड फिरवलं की लाकडी टोकन मिळतात, ती गाळ्यांवर चालतात. 2009 मध्ये डेट्रॉइटमध्ये त्यात भर पडली: दहा डॉलर खर्च करा, आणखी दहा फळं-भाजीसाठी मिळवा. गरिबाला ताजी भाजी आणि शेतकऱ्याला गिऱ्हाईक, असा दुहेरी उपयोग.

अशी सोय सरकारी पैशावर टेकलेली असते, आणि ती मोडायला वेळ लागत नाही. मार्च 2025 मध्ये कृषी खात्याने शाळा आणि अन्नपेढ्यांना स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदीसाठी मिळणारे सुमारे एक अब्ज डॉलर रद्द केले. पेरणीच्या तोंडावर. शाळेच्या भरवशावर ज्यांनी जास्त रोपं लावली होती, त्यांच्या हाती रोपं राहिली.

यावर देश जेवेल का, हा प्रश्नही विचारतात. नाही जेवणार. 2022 मध्ये ग्राहकाला थेट विक्री झाली 3.3 अब्ज डॉलरची, एकूण शेतमालाच्या विक्रीत एक टक्काही नाही. जवळचं म्हणून पर्यावरणाला चांगलं, हा दावाही मला कच्चा वाटतो. अन्नाच्या एकूण प्रदूषणात वाहतुकीचा वाटा तुलनेने लहान असतो, पिकवण्याचा मोठा. या शेतीचं समर्थन करायचं तर ती थेट विक्री करणाऱ्या 1,16,000 शेतांना भाव सांगायची मुभा देते, एवढ्यावर करावं.

खरी अडचण जमिनीची

आयोवात चांगली जमीन एकरी 11,000-12,000 डॉलर. पूर्व किनाऱ्यावर शहराजवळ तर बिल्डर शेजारी बसलेला. भाजी विकून ती फिटत नाही.

ज्यांच्याकडे आहे त्यांची टिकत नाही, ही दुसरी बाजू. 1920 मध्ये कृष्णवर्णीय शेतकरी सव्वानऊ लाख होते, आज पन्नास हजारही नाहीत. कर्ज नाकारणं, दहशत, भेदभाव ही कारणं आहेतच. पण एक कारण सातबारा पाहिलेल्या कुणालाही लगेच कळेल. मृत्युपत्र न करता आजोबा गेले, जमीन सगळ्या वारसांच्या नावे सामाईक झाली, दोन पिढ्यांत चाळीस हिस्सेदार झाले, त्यातले निम्मे शिकागोत. मग कुणी बाहेरचा एका दूरच्या चुलतभावाचा हिस्सा स्वस्तात घेतो आणि कोर्टात वाटप मागतो. जमीन तुकड्यांत वाटता येत नाही म्हणून कोर्ट अख्खी विकायला काढतं. 2010 नंतर अनेक राज्यांनी कायदा सुधारला, आता इतर हिस्सेदारांना आधी विकत घ्यायची संधी मिळते.

बिल्डरच्या बाजूने एक उपाय मुंबईकरांच्या ओळखीचा आहे: टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागेसाठी विकणं. वॉशिंग्टनला खेटून असलेल्या मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीने 1980 मध्ये 93,000 एकर शेतीसाठी राखून ठेवले, 25 एकरांत एकच घर अशी मर्यादा घातली, आणि शेतकऱ्याला दर पाच एकरांमागे एक विकास हक्क विकायची मुभा दिली. बिल्डर तो हक्क विकत घेऊन दुसरीकडे जादा घरं बांधतो. शेतकऱ्याला पैसे मिळतात, जमीन शेतीच राहते. मात्र मग तिथे 25 एकरांत एक महाल बांधणारे धनिक येतात, आणि शेतीची किंमत पुन्हा चढते.

मॅसॅच्युसेट्समधल्या त्या इंडियन लाइन फार्मवर हीच वेळ आली. संस्थापिका 1997 मध्ये वारल्या, शेत विकायला निघालं. तिथे शेती करणाऱ्या तरुण जोडप्याकडे एवढे पैसे नव्हते. शेवटी स्थानिक भूमी-विश्वस्त संस्थेने जमीन घेतली, निसर्गसंवर्धन करणाऱ्या एका संस्थेने तिच्यावर बांधकामबंदीचा बोजा चढवला, आणि जोडप्याने फक्त घर व कोठारं विकत घेतली. जमीन त्यांच्याकडे 99 वर्षांच्या पट्ट्याने आहे. पट्ट्यात अट आहे की ती कसली गेलीच पाहिजे, आणि पुढे इमारती विकायच्या झाल्या तर त्या नव्याने बांधायला जेवढा खर्च येईल त्याहून जास्त किंमत घेता येणार नाही.